हौशी हातांची वेबसाइट

२०२१ सालच्या राष्ट्रीय शिक्षक पुरस्कारांच्या यादीत ४४ नावं होती. कोविडमुळे त्या वर्षी ५ सप्टेंबरचा समारंभ दिल्लीतल्या सभागृहात न होता पडद्यावरच झाला. त्या यादीत उमेश खोसे हे एक नाव होतं. धाराशिव जिल्ह्यातल्या उमरगा तालुक्यात, कर्नाटकच्या हद्दीकडे, कडदोरा गाव आहे. तिथल्या जगदंबानगरच्या जिल्हा परिषद शाळेचे हे गुरुजी. त्यांची ओळख झाली ती इंटरनेटशिवाय चालणाऱ्या शैक्षणिक अ‍ॅपमुळे आणि बंजारा बोलीत तयार केलेल्या शिकण्याच्या साहित्यामुळे. घरात एक भाषा आणि वर्गात दुसरी, असं तांड्यावरच्या मुलांचं असतं. ही अडचण त्यांना रोज समोर दिसत होती.

शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातली गोष्टही याच जातीची. माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानांवर क्यूआर कोड चिकटवले. मोबाइल पानावर धरला की कविता ऐकू येई, व्हिडिओ सुरू होई. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतच क्यूआर कोड छापून येऊ लागले. २०२० मध्ये डिसले यांना १० लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटली. क्यूआर कोड त्यांचा शोध नव्हता. तो १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी जन्मला. गुरुजींनी तो उचलून भलत्याच कामाला लावला.

हौशी माणसाचं तंत्रज्ञान असंच पुढे जातं. नवं यंत्र शोधायचं नाही. हाताशी असलेलं उघडून बघायचं, वाकवायचं, आपल्या गरजेला जुळवायचं. या प्रकरणात आपण अशाच एका उद्योगाकडे बघणार आहोत: स्वतःची वेबसाइट आणि छोटी वेब हत्यारं स्वतः बनवणं. त्यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. मराठीपुरतं बोलायचं तर या बांधकामाचा बराचसा पाया पदवीपेक्षा हौसेनेच घातला आहे.

फुकटात उभी राहिलेली मराठी

भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत. त्याच्याही आधी, १९९१ मध्ये, अमेरिकेत राहणाऱ्या अविनाश चोपडे यांनी आयट्रान्स नावाचा प्रोग्राम लिहिला होता. रोमन अक्षरांत विशिष्ट पद्धतीने टंकलं, दीर्घ स्वराला मोठं अक्षर वापरलं, की त्यातून छापण्याजोगी देवनागरी मिळे. परदेशातल्या मंडळींनी त्यावर गाणी, स्तोत्रं, सुभाषितं टंकून एकमेकांना पाठवली. १९९६च्या गणेश चतुर्थीला अजय गल्लेवाले यांनी अमेरिकेतूनच मायबोली ही मराठी वेबसाइट सुरू केली.

त्या दशकात मराठी पान वाचणं म्हणजे कसरत होती. प्रत्येक वृत्तपत्राचा फॉन्ट वेगळा. तो उतरवून घेतला नाही, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा काला दिसे. तेव्हाचे हे फॉन्ट इंग्रजीच्या जागा बळकावून बसत. ज्या अंकाला संगणक इंग्रजी ‘के’ समजतो, त्या अंकावर ‘क’चं किंवा दुसऱ्याच अक्षराचं चित्र ठेवलेलं असे. डोळ्यांना मराठी, यंत्राला मात्र इंग्रजी अक्षरांची खिचडी. त्यामुळे शोधयंत्रात त्यातलं काहीही सापडत नसे. रेल्वेतले अधिकारी हर्ष कुमार यांनी मोफत वाटलेले शुषा फॉन्ट किंवा किरण भावे यांचा किरण फॉन्ट यांनी अनेकांची सोय केली. पण मूळ दुखणं पद्धतीतच होतं.

त्यावरचं औषध युनिकोड. या प्रमाणात देवनागरीला १९९१ पासून स्वतःची जागा होती, पण ती घराघरात पोचायला दशक गेलं. विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय आली. विंडोज एक्सपीत ती असूनही झाकलेली असे: सेटिंगमध्ये जाऊन एका चौकटीत खूण करायची आणि मूळ सीडी घालायची. सीडी हरवली असेल तर काम तिथेच अडलं.

शिवाय टंकायचं कसं, हा प्रश्न उरलाच. सरकारी इनस्क्रिप्ट कळफलक चांगला, पण शिकावा लागतो. लोकांना ‘के’ दाबल्यावर ‘क’ हवा होता. २००४ मध्ये महेश वेलणकर यांनी सुरू केलेल्या ‘मनोगत’ या मराठी साइटवर ही सोय पानातच होती. ओंकार जोशी यांनी जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेलं गमभन तर कुणालाही आपल्या साइटवर बसवता येत असे आणि अनेकांनी ते बसवलंही. वाचकाने काहीच उतरवून घ्यायचं नाही. पान उघडलं की लिहायला सुरुवात. मराठी शुद्धलेखन तपासणारी मुक्त साधनं, ‘आठवणीतली गाणी’सारखा गीतांचा नेटका संग्रह, १ मे २००३ पासूनचा मराठी विकिपीडिया, हे सगळं त्याच ओळीतलं. यातल्या बहुतेकांचं पोट दुसऱ्या नोकरीधंद्यावर भरत होतं. वेळ रात्रीचा आणि रविवारचा.

एक फाइल पुरते

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. वेबसाइट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर कंपनी, खर्च आणि ‘आमचा मुलगा आयटीत आहे, त्याला विचारतो’ हे येतं. मुळात वेबपान म्हणजे साध्या मजकुराची एक फाइल. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये जिनेव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत जगापुढे ठेवलेलं पान तसंच होतं. ते आजच्या ब्राउझरमध्येही उघडतं. सर्नने ३० एप्रिल १९९३ रोजी हे तंत्र कोणत्याही मोबदल्याशिवाय सगळ्यांना खुलं केलं. ते झालं नसतं, तर हौशी माणसाला या क्षेत्रात पाऊल ठेवायला जागाच नव्हती.

नोटपॅड उघडा. हे शीर्षक, हा परिच्छेद, हे चित्र, अशा खुणा घालत मजकूर लिहा. या खुणांच्या भाषेला एचटीएमएल म्हणतात. फाइलला ‘इंडेक्स डॉट एचटीएमएल’ नाव द्या आणि तिच्यावर दोनदा टिचकी मारा. पान ब्राउझरमध्ये उघडेल. इंटरनेट नको, सर्व्हर नको. ऑफलाइन साहित्याचं सगळ्यांत सोपं रूप हेच आहे. पानं आणि चित्रं एका फोल्डरमध्ये ठेवली, तो फोल्डर मेमरी कार्डावर घातला, की रेंज नसलेल्या वस्तीवरही शाळेची साइट चालते. पुढे तेच पान अ‍ॅपच्या वेष्टनात घालता येतं.

शिकण्याची शाळाही ब्राउझरमध्येच आहे. संगणकावर कोणत्याही पानावर माउसची उजवी कळ दाबून ‘पेज सोर्स’ बघता येतो. एफ-१२ दाबलं तर दुसऱ्याच्या पानाचे रंग, अक्षरं, रुंदी बदलून पाहता येतात. पान ताजं केलं की सगळं पूर्ववत. आपण काही मोडत नाही. आवडलेल्या घराच्या भिंतीत शिरून वायरिंग बघण्याची मुभा दुसऱ्या कोणत्या कारागिरीत मिळते?

मराठीचे खास खाचखळगे

इंग्रजी पुस्तकांतून वेब शिकणाऱ्याला काही खड्डे सांगितलेलेच नसतात. ते मराठीत काम करतानाच लागतात.

पहिला खड्डा साठवणीचा. ‘धाराशिव’ या शब्दात डोळ्यांना चार अक्षरं दिसतात: धा, रा, शि, व. युनिकोड मात्र ध, काना, र, काना, श, वेलांटी आणि व अशी सात चिन्हं मोजतं. यूटीएफ-८ या आजच्या रूढ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. म्हणजे धाराशिवला २१ बाइट लागतात. पानाच्या सुरुवातीला ‘हा मजकूर यूटीएफ-८ आहे’ असं ब्राउझरला सांगितलं नाही, तर तो प्रत्येक बाइट सुटा वाचू शकतो. मग डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ पुन्हा पुन्हा दिसू लागतो. कारण देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट एकच असतो आणि जुन्या युरोपीय तक्त्यात त्या जागी तेच अक्षर आहे. अशी ‘ए’ची रांग दिसली की घाबरायचं नाही. मजकूर शाबूत आहे, फक्त वाचनाची सूचना चुकली आहे.

दुसरा खड्डा मोजणीचा. मुलांसाठी शब्दकोडं बनवणारं छोटं हत्यार लिहायला घेतलं, तर ‘क्षेत्र’ला किती चौकटी द्यायच्या? आपल्या हिशेबाने दोन. जावास्क्रिप्टला लांबी विचारली तर उत्तर येतं सात. तुळजापूरला पाच चौकटी हव्यात, यंत्र आठ सांगतं. मग नियम लिहावा लागतो: काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आधीच्या अक्षरात धरायचे आणि हलन्ताच्या खुणेनंतर येणारं व्यंजनही त्याच चौकटीत बसवायचं. दहा-बारा ओळींचा हा नियम लिहिताना बाराखडी नव्याने समजते.

तिसरा खड्डा क्रमाचा. गावांची यादी लावायला सांगितली तर साधा प्रोग्राम युनिकोडच्या आकड्यांप्रमाणे लावतो. तिथे ‘ळ’ची जागा ‘ल’च्या मागोमाग आहे. त्यामुळे कळंब आधी येतं आणि कसबे तडवळे नंतर. मराठी वर्णमालेत ‘ळ’ ‘ह’च्या पुढे असल्याने कोशाच्या रीतीने कसबे तडवळे आधी यायला हवं. आजच्या ब्राउझरना ‘मराठी क्रमाने लाव’ असं सांगायची सोय आहे. पण ते सांगावं लागतं, आपोआप होत नाही.

चौथा खड्डा सगळ्यांत मोठा, आणि हौशी माणसाला सगळ्यांत जास्त रमवणारा: जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणं. गावोगावच्या संस्थांचे अहवाल, स्मरणिका, शाळांचे अंक अशा जुन्या फाइलींत अडकून पडले आहेत. वरवर पाहता काम सोपं: या आकड्याच्या जागी ते अक्षर. पण जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी जशी दिसते तशी, व्यंजनाच्या आधी साठवलेली असे. युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने, व्यंजनाच्या नंतर येते. म्हणजे ‘शिव’ बदलताना वेलांटी उचलून ‘श’च्या पलीकडे ठेवायची. पुढे जोडाक्षर असेल तर अख्खं जोडाक्षर ओलांडायचं. रफाराचं नेमकं उलटं. ‘धर्म’मधला रफार जुन्या पद्धतीत ‘म’च्या नंतर, युनिकोडमध्ये ‘र’ आणि हलन्ताची खूण होऊन ‘म’च्या आधी. शिवाय ‘कुऱ्हाड’, ‘दुसऱ्या’ यांतला मराठीचा अर्धा ‘र’ हा रफार नव्हेच. त्यासाठी युनिकोडने वेगळं चिन्ह दिलं आहे. बाजारातली हिंदीवरून केलेली हत्यारं इथे हमखास अडखळतात. ज्याला ‘दुसऱ्या’ आणि ‘दुसर्या’ यांतला फरक खटकतो, असा मराठी माणूसच हे हत्यार नीट करू शकतो. प्रोग्रामिंग त्याने थोडंच शिकलेलं असलं तरी चालतं.

तेरचं एक पान

आता हे सगळं एका कामाला लावून बघू. विषय घेऊ तेर. धाराशिव तालुक्यातलं हे गाव म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात ते पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असल्याची नोंद आहे. संत गोरोबाकाकांचं गाव म्हणून वारकऱ्यांना ते ठाऊक आहेच. विटांचं जुनं त्रिविक्रम मंदिर तिथे आहे. आणि रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं राज्य शासनाचं वस्तुसंग्रहालय आहे, ज्यात तेरची सुप्रसिद्ध हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाहायला मिळते. इटलीतल्या पॉम्पेईच्या उत्खननात तशाच धाटणीची मूर्ती सापडल्यामुळे तेरचा रोमशी असलेला व्यापार अभ्यासकांच्या चर्चेत आला.

पानाचा मजकूर दोन हजार शब्दांचा धरला, तर यूटीएफ-८ मध्ये तो साधारण ४० केबी होतो. मोबाइलने काढलेला एक फोटो याच्या पन्नासपट सहज असतो. म्हणून पहिला नियम: फोटो आधी लहान करायचे, मग चढवायचे. जिल्ह्यातल्या वाचकाचा फोन स्वस्तातला असेल आणि रेंज येऊनजाऊन असेल हे धरूनच चालायचं. अक्षरांसाठी ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेच्या ‘मुक्त’सारखे खुल्या परवान्याचे फॉन्ट आहेत. ते फुकट वापरता येतात आणि जोडाक्षरं मोडत नाहीत.

दुसरं काम नकाशाचं. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ मध्ये सुरू झालेला, स्वयंसेवकांनी काढलेला जगाचा नकाशा. लीफलेट ही २०११ पासूनची मोफत जावास्क्रिप्ट लायब्ररी तो आपल्या पानावर आणते. तेर, परंड्याचा किल्ला, नळदुर्गचा पाणीमहाल, धाराशिवची लेणी अशी ठिकाणं त्यावर टाचता येतात. इथे एक गंमत सांभाळावी लागते. लीफलेट अक्षांश आधी मागतं, तर जिओजेसन या प्रकारच्या फाइलीत रेखांश आधी लिहितात. तेर १८ अंश उत्तर आणि ७६ अंश पूर्व यांच्या आसपास आहे. आकड्यांची अदलाबदल झाली तर गोरोबाकाकांचं गाव थेट आर्क्टिकमध्ये, स्वालबार्ड बेटांच्या दक्षिणेच्या समुद्रात जाऊन पडतं.

तिसरं काम पान लोकांपर्यंत नेण्याचं. गिटहब पेजेसवर १ जीबीपर्यंतची साइट फुकट ठेवता येते. आपल्या ४० केबीच्या पानांचा अख्खा जिल्हा त्यात मावेल. स्वतःचं नाव हवं असेल तर वर्षाकाठी भाडं भरून डोमेन घेता येतं. २०१४ पासून ‘डॉट भारत’ असा देवनागरी शेपटाचा पत्ताही मिळतो. पण पडद्यामागे त्याचं रोमन अक्षरांतच रूपांतर होतं आणि काही ठिकाणी तो पत्ता ओबडधोबड रूपात दिसतो. रोमन पत्ता मुख्य आणि देवनागरी जोडीला, असं ठेवलेलं सोयीचं.

जाता जाता दोन पथ्यं. शाळेची साइट असेल तर मुलांचे चेहरे आणि पूर्ण नावं पालकांच्या संमतीशिवाय टाकू नयेत. आणि जुनं पुस्तक अख्खं टंकून ठेवण्याआधी त्याचा लेखक कधी वारला ते पाहावं; भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क टिकतो.

पत्ता टिकवणं

साइट बांधण्यापेक्षा ती टिकवणं अवघड. १९९४ मध्ये सुरू झालेल्या जिओसिटीजवर लक्षावधी हौशी लोकांनी पानं उभारली. १९९९ मध्ये याहूने ती विकत घेतली आणि २००९ मध्ये अमेरिकेतली सेवा बंद केली. काही स्वयंसेवकांनी धावपळ करून जमेल तेवढं उतरवून ठेवलं, बाकीचं गेलं. फुकटच्या जागेचा हा धोका नेहमीचाच.

गावाचं नाव बदलतं तेव्हा हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. २४ फेब्रुवारी २०२३ रोजी केंद्राच्या मंजुरीनंतर उस्मानाबादचं धाराशिव झालं. पण त्याआधीची बातमीपत्रं, कागदपत्रं, २०२०च्या जानेवारीत उस्मानाबादेत भरलेल्या ९३व्या मराठी साहित्य संमेलनाच्या नोंदी, शेळीच्या प्रसिद्ध जातीचं नाव, हे सारं जुन्या नावाने आहे आणि लोक दोन्ही नावांनी शोधतात. शहाण्या साइटवाल्याने मजकुरात दोन्ही नावं ठेवावीत. पानांचा पत्ता बदलायचाच असेल तर जुन्या पत्त्यावर ‘कायमचं स्थलांतर’ सांगणारी सूचना, म्हणजे ३०१ क्रमांकाचं पुनर्निर्देशन, लावून ठेवावं. नाहीतर कुणाच्या तरी पुस्तकात छापलेला आपला दुवा मेलेला निघतो. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनला आपलं पान जतन करायला सांगणं हे आणखी एक पाच मिनिटांचं, पण मोलाचं काम.

दुसऱ्याच्या हाती देता यावं

तेरचे लामतुरे हे पुरातत्त्व खात्याचे अधिकारी नव्हते. गावच्या मातीत निघणारी नाणी, मणी, मृण्मूर्ती त्यांनी हौसेने जमवली. संग्रह एका माणसाच्या घरातून संस्थेच्या हाती जाऊ शकला, म्हणून आज आपण तो पाहतो. वस्तूंच्या बाबतीत हे हस्तांतर दिसतं तरी. फाइलींच्या बाबतीत ते मुद्दाम घडवावं लागतं. पासवर्ड एकट्याच्या डोक्यात, मूळ फाइल जुन्या लॅपटॉपवर, डोमेनचं भाडं एकाच कार्डावर, अशी साइट तिच्या मालकाबरोबर संपते.

मराठी वेबवरच्या हौशी कामांत टिकली आणि पसरली ती कामं पाहिली, तर त्यांत एक समान गुण सापडतो. आयट्रान्स कुणीही उतरवून घेऊ शकत होतं. गमभन दुसऱ्याच्या साइटवर बसत होतं. ऑफलाइन अ‍ॅप एका फोनवरून दुसऱ्या फोनवर जातं. करणाऱ्याला न विचारता ते उघडता, उतरवता आणि वापरता आलं. जी कामं एकाच कंपनीच्या फॉन्टला किंवा एकाच माणसाच्या पासवर्डला बांधलेली होती, त्यांतली बरीच आज वाचताही येत नाहीत.

म्हणून साइट सुरू करताना रंग कोणता आणि मेनू कुठे, याच्याआधी तीन गोष्टी ठरवाव्यात. मजकूर युनिकोडमध्ये आणि साध्या फाइलीत असेल. त्याची पूर्ण प्रत दुसऱ्या एका माणसाकडे असेल. आणि ‘हे कसं केलं’ हे सांगणारं एक पान मराठीतच लिहून त्याच फोल्डरमध्ये ठेवलेलं असेल. धाराशिव जिल्ह्यात आठ तालुके आहेत. प्रत्येक तालुक्यात एकाने जरी आपल्या गावाची, शाळेची, पिकाची, बोलीची अशी एक साइट केली आणि शेजारच्या तालुक्यातल्या कुणाला तिची प्रत दिली, तरी ती माहिती कुठल्याही कंपनीच्या मर्जीवर राहणार नाही.